नोमानच्या नावाचा कटोरा

“लोक काय म्हणतील त्याचा तरी विचार कर, नोमानची अम्मी! अख्ख्या शहागंजात ज्याच्या कलियाला तोड नाही, त्याच्या पोराच्या चाळीसाव्याला फातिहा कशावर? तर मसुराच्या पाण्यावर!”

“पाणी म्हणू नका. सूप आहे ते.”

“तेच ते. आजाऱ्याचं खाणं.”

“मग घ्या थोडं. डोकं तापलंय, उतार पडेल.”

“मस्करी नको करू. बाहेर दोन देगा कलिया तयार आहे. त्यातला एक कटोरा दस्तरखानावर ठेव, की झालं.”

“नाही ठेवणार.”

“नाही म्हंजे?”

“नाही म्हंजे नाही. दखनीत कळत नसेल तर मराठीत सांगते. मराठीत कळत नसेल तर शेजारच्या, बँकेतल्या उमाताईला हाक मारते, ती इंग्रजीत सांगेल.”

हे भांडण सकाळपासून माझ्या डोक्यावरून इकडून तिकडं चाललंय. मी कोण म्हणाल, तर शेगडीवर बसलेली तांब्याची देगची. ज्याच्यावरून एवढा गोंधळ आहे ते सूप माझ्याच पोटात आहे, तेव्हा बोलायचा पहिला हक्क माझा. मला कुणी शाळेत घातलं नाही. स्वयंपाकघरात बसून कान उघडे ठेवले आणि जे शिकले ते शिकले. त्यावर बोलते. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आधी माणसं सांगते. आवाज चढवणारे ते नूरमोहम्मद, या घराचे मालक. लग्नाकार्याचा नान-कलिया शिजवणं हा त्यांचा धंदा, त्यांच्या बापाचाही तोच. मटणाचा तो लालभडक रस्सा आणि त्यात बुडवून खायची नान, यावर हे घर उभं राहिलं. उत्तर देणारी रईसा, त्यांची बायको. आणि ज्याच्यासाठी भांडण आहे तो नोमान, त्यांचा एकुलता एक लेक. तो आता नाही. इटलीत एका खानावळीत आचारी होता. कामावरून सायकलीनं खोलीवर जाताना मोटारीनं उडवलं. माती तिकडंच झाली. कागद, परवानगी, विमान, कशातच यांचा हात पोचला नाही. कबरीवर फूल ठेवायचं म्हटलं तर आईला समुद्र ओलांडावा लागतो.

म्हणून तिच्याजवळ आजचा चाळीसावा तेवढा उरलाय. या घराची रीत अशी, की गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते शिजवायचं, दस्तरखानाच्या कापडावर ठेवायचं, त्यावर त्याच्यासाठी फातिहाची दुआ वाचायची, मग ते वाटायचं. फातिहा वाचणार बाप. बापानं हो म्हटल्याशिवाय कटोरा तिथं ठेवता येत नाही. बाप म्हणतो, माझ्या लेकाला माझा कलिया आवडायचा. आई म्हणते, सूप. दोघांतलं खरं कोण बोलतंय ते मला ठाऊक आहे, पण सांगते सावकाश.

माझा जन्म एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. ठोके खाऊन खाऊन पोट गोल झालं, तेव्हा रईसाच्या बापानं मला घेतलं. ते खुलताबादचे. रईसाच्या लग्नात मी तिच्याबरोबर आले, गाडीत, तिच्या मांडीशी. माझ्या काठावर टिंब टिंब ठोकून तिचं नाव घातलेलं आहे. मला घासताना त्या टिंबांवरून बोट फिरवून फिरवूनच ती आपलं नाव लिहायला शिकली. पुढचं वाचन तिनं मसाल्याच्या पुड्यांवरून केलं. आज ती पेपर वाचते आणि पेपरवाल्याशी भांडतेसुद्धा.

या घरात मी आले तेव्हा अंगणातल्या मोठ्या देगांनी मला हसून घेतलं. एकेकीत माणूस बसेल एवढ्या त्या. त्यांचा तोराही तेवढाच. लग्नात जाणार, ट्रकात बसणार, हजारजण त्यांचं जेवणार. मी घरातली. खिचडी, दालचा, नोमानच्या तापातली पेज. पण एक सांगते, त्या देगांना कधी कुणी छातीशी धरलं नाही. रईसा मला दोन्ही हातांनी उचलायची, नोमान पोटात होता तेव्हाही.

मग कुकर आला. शिट्टी मारून काम उरकणारा. मला माळ्यावर चढवलं. आतली कल्हई झिजून गेली, अंगावर हिरवट डाग आले. पुढं तर माझ्यात कांदे ठेवू लागले. माणसांची ही सवय मी नीट पाहिलीय. जोवर कामाची तोवर नाव घालून ठेवतात, काम सरलं की नावासकट माळ्यावर.

मला खाली काढलं ते नोमाननं. दोन हिवाळ्यांपूर्वी सुटीवर आला होता.

“अम्मी, ती तांब्याची देगची कुठंय? मंद आचेवर धीर धरणारं भांडं पाहिजे मला.”

“धीर धरणारी मी आहे की इथं. भांडं कशाला पाहिजे?”

हसला. मला घेऊन रामकिसन कल्हईवाल्याकडं गेला. तापवलं, नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील वितळून कापसाच्या बोळ्याखाली फिरलं आणि माझं पोट चांदीसारखं झालं. लाज वाटावी एवढी उजळले. नोमान म्हणाला, “आता टोमॅटो घातला तरी भीती नाही.” तांब्यात आंबट शिजवायचं तर कल्हई पाहिजेच. नाहीतर मीच विष व्हायची. माझ्या जातीचा हा दोष आहे, तो मी लपवत नाही.

घरी येऊन त्यानं बॅगेतून एक पुडकं काढलं. आत सुपारीएवढे पिवळट, सुरकुतलेले दाणे. चेस्टनट. डोंगरातल्या झाडांची फळं, सोलून वाळवलेली. म्हणाला, “तिकडच्या डोंगरात पूर्वी गहू पिकायचा नाही, अम्मी. माणसं ह्याच्यावर जगली. गरिबांचं खाणं आहे. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला, तेव्हा खानावळीतल्या भांडी घासणाऱ्या म्हातारीनं घरून आणून पाजलं. तुमची आठवण आली.”

रात्रभर भिजलेल्या दाण्यांच्या चिरांतली तांबडी साल त्यानं सुईनं काढली. मग माझ्यात ऑलिव्हचं तेल, त्यात कांदा, गाजर, सेलरीचे देठ, सगळं मोहरीएवढं बारीक चिरून. घाई नाही. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ. लसूण, रोजमेरीच्या वासाच्या पाल्याची एक काडी, बापाच्या डब्यातला तेजपत्ता, एक टोमॅटो. मग चेस्टनट आणि अख्खा मसूर. वर पाणी. मीठ शेवटी.

“यात अजून काय पडतं?” रईसानं विचारलं. नजर धारदार.

“तिकडं डुकराची चरबी घालतात. मी नाही घालत. खानावळीचा मालक माझं पातेलं वेगळं ठेवतो.”

“माणूस बरा दिसतोय.”

“बरा आहे. तुमच्यासारखाच ओरडतो.”

मी मंद उकळत होते. तेव्हाच, मला ढवळता ढवळता, त्यानं ते सांगितलं. तिथं रईसा होती आणि मी. तिसरं कुणी नव्हतं.

“अम्मी, रागवू नका. मला कलिया कधी गेलाच नाही. लहानपणापासून.”

“काय म्हणतोस? रोज पहिली वाटी तर तूच चाखायचास!”

“अब्बा वाटी देऊन समोर बसायचे ना. माझ्या तोंडाकडं बघत. ते बघणं बघून खायचो. ‘एक नंबर, अब्बा’ म्हणायचो.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी त्यांनी चव कुणाला विचारली असती?”

नोमान म्हणाला, “त्यांना सांगू नका.” तिनं मान डोलावून शब्द दिला.

सूप झालं. चेस्टनट रताळ्यासारखे गोड, मसूर दाणा दाणा वेगळा. नान तव्यावर कडक करून बरोबर घेतली. रईसा दोन वेळा वाढून जेवली. नूरमोहम्मद ऑर्डरवरून आले, माझ्यात डोकावले, म्हणाले, “मी आचारी आहे, दवाखान्यातला पेशंट नाही,” आणि कलिया घेऊन बसले. नोमान हसला. मी भांडं असून मला ते हसणं कडू लागलं.

तो परत गेला, आणि मग ती बातमी आली. त्या दिवसांबद्दल मी बोलणार नाही. या घरात तेव्हा चूल पेटली नाही. शेजारून डबे येत होते, एवढं सांगितलं की पुरे.

चाळीसावा जवळ आला तशी रईसा उठली. पुडक्यातले उरलेले चेस्टनट डब्यातून काढून बघितले. जेमतेम दोन मुठी. एक दाणा वाया घालवायची सोय नव्हती, म्हणून आधी सराव करायचं ठरवलं. उमाताईकडं गेली आणि चेस्टनटच्या जागी घालायला वाळलेले शिंगाडे मागितले.

“शिंगाडे? रईसाआपा, तुमचा कसला हो उपास?” उमाताई म्हणाली.

“हाताचा. हाताला जरा शिस्त लावायचीय.”

शिंगाड्यांवर पहिलं सूप केलं. सगळं त्यानं केलं तसंच. पण मसूर शिजला आणि तिचा हात आपोआप घोटणीकडं गेला. दालचा करणारं घर. इथं डाळ घोटली नाही तर ती कच्ची समजतात. सासूनं शिकवलेला हात. दोन गरके मारले आणि थांबली. माझ्यात नुसता लगदा. नोमान दाणा दाणा म्हणाला होता. तिनं घोटणी धुतली, पुसली आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तो लगदा तिनं आणि उमाताईनं मिळून संपवला. उमाताई म्हणाली, “आपा, वाईट नाही हं.” रईसा म्हणाली, “खोटं बोलायला बँकेत शिकवलं का गं तुला?” आणि मग पदर डोळ्याला लावला. त्या बातमीनंतर पहिल्यांदा.

आज पहाटे तिनं खरं सूप मांडलं. दोन मुठी चेस्टनट, सुईनं साल काढून. तिचे डोळे आता अधू, सुई बोटाला लागत होती. कांदा मऊ होईस्तोवर ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून राहिली. मसूर शिजत आला तसे दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, चुकून काही करू नयेत म्हणून. आता झाकण काढाल तर एकेक दाणा मोजून घ्या. चेस्टनट अख्खे. वास त्या दिवसाचाच.

आणि नूरमोहम्मद दारात उभे आहेत. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. रात्रभर देगांपाशी जागे होते. लेकासाठी काय करावं ते त्यांना कळत नाही, म्हणून त्यांना जे येतं ते त्यांनी केलं. हजार लग्नांत घातला नसेल एवढा जीव या कलियात घातलाय. अंगणात माणसं जमलीत. फातिहाची वेळ झालीय.

मी म्हातारी झाले. कल्हई पुन्हा झिजेल, पुन्हा माळ्यावर जाईन, पुन्हा कांदे. त्याचं मला काही नाही. माझं मागणं एवढंच, की हे सूप माझ्यातच थंड होऊ नये. कटोऱ्यात उतरावं. ज्याच्यासाठी शिजलं त्याच्या नावानं उतरावं. त्यानंतर मला भंगारात घाला, मी ब्र काढणार नाही.

“शेवटचं सांगतो,” नूरमोहम्मद म्हणाले. आवाज आता खाली आलाय, आणि तो खालचा आवाज मला जास्त भीती घालतो. “माझ्या मांडीवर बसून पहिली वाटी चाखायचा तो. एक दिवस चुकला नाही. मी आज दुसरं काही ठेवलं तर त्याला काय वाटेल?”

“त्याला काय वाटेल ते मला माहीत आहे.”

“तुला माहीत, मला नाही? मी त्याचा कुणी नाही?”

“असं कुठं म्हटलं मी?”

“मग काय म्हणतेस? सरळ बोल. माझा कलिया त्याला आवडत नव्हता, असं म्हणायचंय तुला?”

रईसाचा हात माझ्या झाकणावर होता. लेकाला दिलेला शब्द एका बाजूला, लेक एका बाजूला. अंगणातून कुणीतरी हाक मारली, “चला भाई, उशीर होतोय.” नूरमोहम्मद हलले नाहीत.

“बोल की. आवडत नव्हता?”

तिनं झाकण काढलं, कटोरा घेतला, माझ्यातून काठोकाठ भरला. मग दोन्ही हातांनी तो त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाली,

“तो कलिया तुमच्यासाठी खायचा, नोमानचे अब्बा, आज तुम्ही हे त्याच्यासाठी ठेवा.”