समेवर आलेली देवी

लग्नानंतर मी पहिली कला शिकलो ती जमीन सारवायची. अणदूरच्या शाळेत मी गुरुजी, पण घरी हात कायम शेणात. माझी बायको प्रमोदिनी हैदराबादला आठ वर्षं भरतनाट्यम शिकून आली होती, आणि आमच्या ओसरीवर तिनं सहा मुलींचा वर्ग काढला होता. शनिवारी सारवलेली ओसरी मंगळवारपर्यंत उखडायची. नाच तिचा, पोपडे माझे.

शाळेच्या हॉलला मात्र शहाबादी फरशी होती. तो मागायला मी शाळा कमिटीच्या अध्यक्षांकडे, हणमंतप्पांकडे गेलो. ते भजनात टाळ धरायचे, आणि कुणाची सम जरा चुकली की भर भजनात त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे.

"शाळा पोरी नाचवायला हाय व्हय, गुरुजी?" ते म्हणाले. "संमेलनात दहा मिनिटं दावा. गावाला न्हाय पटलं, तर घरचाबी वर्ग बंद. सांगा तुमच्या मंडळींना."

प्रमोदिनी त्या दिवशी जेवली नाही. वर्ग गेला तर ती इथं नुसती गुरुजींची बायको उरणार होती, आणि तेवढं तिला पुरणार नाही हे मलाही कळत होतं.

ऐन वेळी पाच मुलींच्या आयांनी कच खाल्ली. उरली पोस्टमास्तरांची अकरा वर्षांची लीला. देवी महिषासुराला मारते, एवढंच तिला नाचायचं होतं. प्रमोदिनी गाणार, मी लाकडी ठोकळ्यावर काठीनं ताल देणार. लीलाला ताकीद एकच होती: काहीही होवो, काठी थांबेपर्यंत थांबायचं नाही.

संमेलन दुपारी चारला सुरू झालं. लीला गुडघे वाकवून पाय आपटत आली, डोळे मोठे केले, मान डावी-उजवीकडे हलवली. पहिल्या रांगेतली नागम्मा ताडकन उठली.

"आई आली गं पोरीच्या अंगात!"

गावाला तरी काय दोष द्यायचा? अंगात आलेलं ते दर मंगळवारी बघत होते. भरतनाट्यम कुणी बघितलं होतं? बायका स्टेजवर चढल्या आणि लीलाच्या तोंडावर हळदीकुंकू उधळायला लागल्या. एकीनं लीलाच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. दुसरीनं नारळ फोडला तो थेट माझ्या ठोकळ्यावर, त्यामुळं पुढचा ताल मी करवंटीवर दिला. लीला थांबली नाही.

नागम्माची म्हैस चार दिवस हरवली होती. "आई, माजी म्हस कुठं हाय?" तिनं हात जोडून विचारलं. नेमका त्याच वेळी भाला फेकायला लीलाचा हात ओढ्याच्या दिशेनं गेला.

"वढ्याला!" म्हणत नागम्मा पळाली, आणि तिच्यामागं निम्मे प्रेक्षक. काठी थांबली, लीला थांबली. प्रमोदिनी मात्र रडत होती.

"नाच म्हणून कुणी पाहिलाच नाही हो," ती म्हणाली.

म्हैस ओढ्यालाच सापडली. म्हैस ओढ्याला जाणार नाही तर काय शाळेत येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतप्पा किल्ली घेऊन आले. "कमिटी म्हनती, देवीचं काम हाय. हॉल द्या."

मी घाईनं हात पुढं केला. पण प्रमोदिनी मध्येच बोलली, "अंगात काही आलं नव्हतं, अप्पा. अकरा महिने रोज दोन तास मी शिकवलंय तिला. देवीच्या नावानं देणार असाल, तर किल्ली नको."

मी शेणाच्या पाटीकडे पाहिलं. हिला खरं बोलायला आजचाच मुहूर्त सापडला होता!

हणमंतप्पा हसायला लागले. "देवी कमिटी म्हनती. म्या कवा म्हनलं? चाळीस वर्सं झाली अंगात आल्याली मानसं बघतोय, बाई. येकबी कवा समेवर आलं न्हाय. ही पोर डोळ्यांत कुकू गेलं तरी नेमकी आली."

बाई! शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं.

त्यांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि मागं लपलेल्या नातीला पुढं ओढलं. "ही पारू. अकरा महिन्यांत येतंय न्हवं हिला?"

"सात वर्षं लागतील," प्रमोदिनी डोळे पुसत म्हणाली.

"मग आजच धरा."

प्रमोदिनीनं पदर खोचला. किल्ली उचलून हॉलपर्यंत जाण्याइतकाही दम तिला धरवेना. पारूची पहिली टाच पडली ती मी पहाटेच सारवलेल्या ओसरीवर.