मागचा डावा

मी एक जुना स्पीकर आहे. होम थिएटरच्या पाच भावंडांतला चौथा. माझ्या पाठीवर निळ्या शाईने ‘मागचा डावा’ असे लिहिले आहे, आणि मित्रांनो, माझे सगळे दुखणे त्या दोन शब्दांतच आहे.

लाकडी खोके, मागे लोहचुंबक आणि पुढे कागदाचा पडदा, अशी माझी घडण. कागदाचा म्हणूनच की काय, मी नेपानगरला आलो. तिथल्या पेपर मिलमध्ये मशीनवर काम करणाऱ्या यशवंतरावांनी आम्हाला बऱ्हाणपूरहून आणले. मशीनच्या घरघरीने त्यांना जरा कमी ऐकू येई, म्हणून मोठ्या आवाजाची हौस. कुणाची वायर कुठली हे विसरू नये म्हणून आमच्या पाठीवर नावेही त्यांनीच घातली.

मधल्या स्पीकरला टीव्हीखाली, शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर बसवले. मला सोफ्याच्या मागे, कोपऱ्यातल्या स्टुलावर. सिनेमातले सगळे बोलणे मधला बोलणार. हिरोची आई गेली तरी रडणार तोच. माझ्या वाट्याला काय, तर लांबून भुंकणारे कुत्रे आणि कधीमधी एखादे हेलिकॉप्टर. पाहुणे म्हणत, “काय क्लियर आवाज आहे,” आणि बघत मधल्याकडे. खोटे कशाला सांगू, मी त्याला पाण्यात पाहत असे.

पुढे एका दिवाळीत यशवंतरावांच्या पत्नी भागीरथीबाईंनी जळमटे काढताना माझी वायर ओढून काढली. “लावू नंतर,” म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर मनीप्लांटची बाटली ठेवली. तीन वर्षे गेली. मी मुका झालो आहे हे घरात कुणाला कळलेसुद्धा नाही. माझ्यावाचून कुणाचे काही अडले नाही, हे मला फार लागले.

त्यांची मुलगी रंजिता पुण्याला नोकरी करते. ती आणि तिची चुलत बहीण मनीषा तिथल्या एका गायनसंघात जाऊ लागल्या. तो संघ युरोपातली चारपाचशे वर्षांपूर्वीची प्रार्थनागीते गातो. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. एकाने ओळ सुरू करायची, ती संपायच्या आत दुसऱ्याने तीच उचलायची, मग तिसऱ्याने, आणि सगळ्यांनी मिळून एक गाणे विणायचे. मधोमध प्रत्येक दिशेचा आवाज वेगळा टिपणारे माइक ठेवून, भोवती गोलात उभे राहून त्यांनी रेकॉर्डिंग केले, आणि रंजिताने त्याची डीव्हीडी घरी पाठवली.

रविवारी दुपारी ती ऐकायला मनीषाची आई मालूबाई जवळच्या डोईफोडिया गावाहून केळीची फणी घेऊन आली. डीव्हीडी सुरू झाली आणि मधल्यातून मनीषाचा आवाज उठला, अगदी खणखणीत.

“ही मनीच ना?” मालूबाई म्हणाली. “मी बराबर ओळखलं.”

“हो, मनीच,” भागीरथीबाई म्हणाल्या. गाणे संपेपर्यंत त्या कान देऊन बसल्या. मग हळूच विचारले, “आमची रंजी कुठंय यात?”

“असंल ना कुठंतरी. मागंबिगं उभी असंल.”

भागीरथीबाईंचा चेहरा उतरला. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मधल्याकडे बघताना मला तोंड असते, तर ते तस्सेच दिसले असते. त्यांनी तडक फोन लावला, स्पीकरवर.

“रंजी, खरं सांग. तू गायली, का नुसती उभी होती? आवाजच लागत नसंल तर सोड ना ते. फालतू रविवार वाया घालवते. घरी येत जा.”

रंजिता म्हणाली, “आई, मी पूर्ण गायले. मनी समोर होती, मी मागे डावीकडे. पप्पांना विचार ना, मागचा डावा चालू आहे का?”

मित्रांनो, तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझे नाव घेतले होते.

शेजारी बसलेल्या यशवंतरावांनी उठून माझ्यावरची बाटली उचलली, धूळ पुसली आणि लोंबणारी वायर हातात धरली. “ही कोणी काढली?”

“साफसफाई काय तुम्ही करता?” भागीरथीबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “लावायची राहून गेली.”

वायर जोडली आणि माझ्यातून रंजिता गाऊ लागली. खालच्या पट्टीतला, धिमा, न हलणारा आवाज. भागीरथीबाई सोफ्यावरून उठून माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या.

“बाकीचे बंद करा,” त्या म्हणाल्या. “मला एकटी रंजीच ऐकायची.”

यशवंतरावांनी चौघांच्या वायरी काढल्या. मधल्याची काढली तेव्हा मला उकळ्या फुटल्या, हे कशाला लपवू?

आता मी एकटाच गात होतो. रंजिताने एक सूर लांबवर धरला, दोन पायऱ्या वर गेली आणि थांबली. तिथून ओळ मनीषाने पुढे न्यायची होती. दूरवरून आल्यासारखी कुजबुज तेवढी माझ्यात उमटली, बाकी नुसता पंख्याचा आवाज. रंजिता पुन्हा सूर लावी, पुन्हा थांबे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. जन्मभर मला हेच हवे होते, आणि ते मिळाल्यावर माझ्याने ते निभेना.

भागीरथीबाईंनी मालूबाईकडे पाहिले. “लावा हो सगळे,” त्या म्हणाल्या. “पोरगी एकटी पडली.”

पाचही जण सुरू झालो. मनीषाने ओळ उचलली, रंजिताने तिच्याखाली सूर धरला आणि तेवढ्याशा खोलीत चहूकडून गाणे उभे राहिले. मालूबाई येऊन जावेशेजारी जमिनीवर बसली. फोन अजून चालूच होता. भागीरथीबाईंनी तो कानाला लावला. “रंजी, रविवारचं बुडवू नको.”

माझा मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. मनीप्लांट सध्या मधल्याच्या डोक्यावर आहे आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही. पण त्याची वायर कुणी काढू नये, असे आता मनापासून वाटते.

आणि मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज येईनासा झाला, तर त्याला गाता येत नाही असे म्हणण्याआधी एकदा उठून त्याच्या मागे जाऊन बघा. वायर बहुतेक आपणच काढलेली असते.