वन्सांचा चार्ज

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. नगराध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीला, आमच्या वन्स लाकडाच्या वखारीत उभ्या होत्या. चपला भुशात रुतलेल्या, खांद्याला पर्स, मागे मी. समोर खुर्चीत बसलेल्या वखारवाल्यांना त्या म्हणाल्या, “उठा. बसून घेता येत नाही.”

“काय घेता येत नाही बसून?”

“चार्ज.”

वखारवाले विरोधकांचे पुढारी. विरोधक म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. खरं तर सगळं गाव त्यांचंच होतं. त्यांच्या पक्षाची निशाणी होडी. राज्याचं सरकार होडीचं, नगरपालिकेच्या सभागृहात बाकं भरून होडीवाले, आणि अध्यक्ष मात्र आमच्या वन्स, छत्रीच्या निशाणीवर. त्या वर्षी अध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. होडीवाल्यांचे दोन उमेदवार एकमेकांच्या उरावर बसले आणि मधून आमच्या नर्सबाई वन्स निसटल्या. गावातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं वन्सांच्या हातची. नवऱ्यांनी होडी सांगितली तरी पडद्याआड कोण बघतंय? सभागृहात छत्रीवाले सदस्य तिघंच. “होडीत बसून छत्री उघडली की होडी उलटते,” असं वखारवाले प्रचारात म्हणाले होते. “नाही उघडली तर भिजता,” असं वन्सांनी पुढच्या चौकातून सांगितलं होतं.

तर ते उठले. मला वाटतं, गंमत बघावी म्हणूनच उठले.

वन्स वॉर्डात बोलायच्या तशा बोलू लागल्या. आवाज ना वर ना खाली. “नदीवरचा पंप सकाळी बंद पडला, दुपारी चालू झाला. चूक माझी, मिस्त्रीला मी दुसऱ्या कामाला पाठवलं होतं. बाजारातलं गटार अर्धं झालंय, उरलेल्याला माणसं कमी पडतायत. दवाखान्यात जुलाबाची मुलं आलीत, सगळी जुन्या टाकीचं पाणी पिणाऱ्या गल्ल्यांतली. एवढंच. आता ‘घेतला’ म्हणा.”

“मी कशाला म्हणू? मी काय तुमच्या हाताखालची नर्स आहे?”

“बरं, नका म्हणू. उद्या येते.”

वाटेत मी विचारलं, “वन्स, हे काय नवीन?” वन्स म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. “वॉर्डभर माणसं आहेत, घरी आणखी एक कशाला,” म्हणायच्या. निवडणुकीसाठी दवाखान्याची नोकरी सोडली, पण दवाखाना काही त्यांना सोडेना.

“नवीन कसलं? माझी आणि त्या ठेंगणीची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?”

ठाऊक नव्हती. ठेंगणी म्हणजे त्यांच्याच वॉर्डातली रात्रपाळीची नर्स. वॉर्डातली खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं जे वाजलं ते वर्षानुवर्षं मिटलं नाही. रस्त्यात भेटल्या तर तोंड फिरवायच्या. पण पाळी बदलताना दोघी खाटेखाटेपाशी उभ्या राहून एकमेकींना सगळं सांगायच्या. कुणाला ताप चढला, कुणाला औषध द्यायचं राहिलं, आपल्या हातून काय चुकलं. शेवटी चार्ज घेणारीने ‘घेतला’ म्हणायचं. तोवर देणारीने घरी जायचं नाही.

“आम्ही भांडायचो खिडकीवरून,” वन्स म्हणाल्या, “पेशंटने का मरावं?”

दुसऱ्या दिवशी सभेत वखारवाल्यांनी बाक वाजवून वाजवून सांगितलं, की पंप अध्यक्षांच्या हलगर्जीपणाने बंद पडला आणि हे खुद्द अध्यक्षांनीच कबूल केलंय. होडीवाले खो खो हसले. संध्याकाळी छत्रीवाल्यांचे चिटणीस आमच्या घरी आले. त्यांना सगळे वकील म्हणत, होतेही वकील.

“सिस्टर, शत्रूला सगळं तोंडपाठ सांगून येता तुम्ही?”

“शत्रू कुठला? रात्रपाळीचा माणूस आहे तो.”

“काय?”

“मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागे खुर्चीत तोच बसणार, हे तुम्हालाही माहीत आहे. गाव त्याच्या हातात आंधळं देऊ का?”

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे; तेव्हाही एका घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. खाली मान ठेवूनच म्हणाले, “वकीलसाहेब, चहा घ्या. ताईला समजावणाऱ्याला आमच्याकडे नेहमी चहा देतात. नंतर लागतो.”

आणि वन्स रोज गेल्या. मीही सोबत. वखारवाले कधी उठत, कधी मुद्दाम लाकडं मोजत बसत. वन्स मोजणी संपेपर्यंत थांबत. सांगितलेलं सभेत त्यांच्यावरच उलटे, तरी वन्स दुसऱ्या संध्याकाळी हजर. पुढे पुढे मात्र एक झालं. वखारवाले मध्येच विचारायला लागले. “गटाराला माणसं किती कमी आहेत म्हणता?” आणि दोन दिवसांनी माणसं यायची. कुठून आली ते वन्स विचारत नसत. ‘घेतला’ असं मात्र वखारवाल्यांनी कधी म्हटलं नाही.

अडलं होतं ते गाळणीवर. पाणी शुद्ध करायचं केंद्र, त्याला गावात गाळणी म्हणत. टेकडीच्या उतारावर निम्मी जमिनीत बांधलेल्या दगडी टाकीतून निम्म्या गावाला पाणी जाई, आणि दर पावसाळ्यात त्याच गल्ल्यांतली मुलं आजारी पडत. दोन-चार तर दर वर्षी जात. वन्स निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या एवढ्यासाठीच. पावसाळ्याआधी टाकी बंद करायची, गाळणी बांधायला घ्यायची आणि तोवर टँकरने पाणी द्यायचं. पैसा आणि टँकर द्यायचे होडीच्या राज्य सरकारने, आणि मागणीचा ठराव करायचा होडीच्या सभागृहाने. दोनदा ठराव मांडला, दोनदा पडला.

वकील खूश. “पडू द्या सिस्टर, तिसऱ्यांदाही पडू द्या. मुलं आजारी पडली की गावभर पत्रकं वाटू. होडीने पाणी अडवलं म्हणून.”

“मुलं आजारी पडली की?” वन्स एवढंच म्हणाल्या. त्यांनी चहाही दिला नाही.

वखारवाले का अडवतात, ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. टाकी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. जुन्या काळी ते अध्यक्ष होते, लोकांना नदीवरून हंडे वाहावे लागत, तेव्हा या माणसाने स्वतः दगड वाहून टाकी उभी केली. त्यांच्या नावाची पाटी टाकीच्या दाराशी होती. वखारवाले महिन्यातून एकदा स्वतः जाऊन ती पुसत. अशा टाकीला वाईट म्हणायचं म्हणजे मेलेल्या बापाला वाईट म्हणायचं.

मे महिन्यात टाकी साफ करायला रिकामी केली. वन्स मिस्त्रीबरोबर शिडीने आत उतरल्या. परत आल्या तेव्हा पायांना शेवाळ आणि चेहरा असा, की मी काही विचारलंच नाही. हात धुतले आणि म्हणाल्या, “चल.”

वखारीत करवत चालू होती. वन्सांनी हाताने ती थांबवायला सांगितली आणि माणसांना बाहेर जायला. असं त्या कधी करत नसत. वखारवाले आपणहून उभे राहिले.

“टाकीच्या तळाला भेग आहे,” वन्स म्हणाल्या. “हात जाईल एवढी. खालून नाल्याचं पाणी आत येतंय. पावसाळ्यात नाला भरला की जास्त येणार. आज दुपारी कळलं.”

वखारवाल्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. “धमकी देताय? उद्या सभेत माझ्या वडिलांचं नाव घेऊन…”

“धमकी नाही. चार्ज देतेय. उद्या दुपारी सभेत मी हे सांगणार, लपवणार नाही. पण आधी तुम्हाला.”

“तुमच्या वकिलाला सांगितलं?”

“नाही.”

“का?”

“त्याची पाळी नाही.”

 मागच्या पावसाळ्यात वखारवाल्यांची नात दवाखान्यात होती. वन्स तेव्हा खाटेशेजारच्या स्टुलावर बसून असत. पोर वाचली. त्या दोघांनी त्याचा शब्दही काढला नाही, म्हणून मीही नाही.

“भेग बांधताना राहिलेली नाही,” वन्स हलकेच म्हणाल्या. “नाला नंतर सरकलाय. तुमच्या वडिलांनी बांधली तेव्हा तो पलीकडून वाहायचा. म्हाताऱ्यांना विचारा.”

वखारवाले भुशाकडे बघत होते. मग म्हणाले, “घेतला.”

 रस्त्याने जाताना वन्सांनी माझा हात धरला होता, आणि त्या हात धरून चालणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. सभा सुरू झाली तरी वखारवाले नाहीत. वकील मागे येऊन कुजबुजले, “आलाच नाही बघा. घाबरला.” तेवढ्यात दार उघडलं. कायम कडक इस्त्रीत वावरणारा माणूस, आणि पांढऱ्या कपड्यांवर गुडघ्यापर्यंत हिरवं शेवाळ. चालले तिथे ओली पावलं उमटत होती. खाली न बसता ते म्हणाले, “माझ्या वडिलांनी बांधलेली टाकी आजपासून बंद करावी, नवी गाळणी बांधावी, आणि टँकरची मागणी घेऊन मी आणि अध्यक्षबाईंनी मिळून मंत्र्यांकडे जावं, असा ठराव मी मांडतो.”

त्यांच्याच बाकावरून कुणी तरी ओरडलं, “अहो शेठ, तुम्ही होडीत आहात की छत्रीत?”

“सकाळपासून टाकीत आहे. येतोस बघायला?”

कुणी गेलं नाही. हात वर झाले, आधी बिचकत आणि मग भराभर. आणि आमची छत्री? तिघांचे हात मांडीवर. वकिलांनी डोळ्यांनीच दटावलं होतं, ठराव होडीवाल्यांचा, श्रेय होडीवाल्यांचं. म्हणजे ज्या कामासाठी वन्स निवडून आल्या, ते काम सगळ्या विरोधकांच्या मतांनी पास झालं, आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षाचं एकही मत त्याला पडलं नाही. वन्सांना त्याचं इतकं हसू आलं की घरी आल्यावर जेवताना ठसका लागला.

टँकर आले. त्या पावसाळ्यात त्या गल्ल्यांतलं एकही मूल गेलं नाही. वडिलांची पाटी वखारवाल्यांनी काढून घरी नेली होती. गाळणी उभी राहिली तेव्हा वन्स ती मागून घेऊन आल्या आणि नव्या दाराशी बसवायला लावली. स्वतःच्या नावाची पाटी लावू दिली नाही. “माझं नाव बाळंतिणींना पाठ आहे,” म्हणाल्या.

छत्रीने वन्सांना पुन्हा तिकीट दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. अध्यक्ष झाले वखारवाले, आणि खुर्ची सोडण्याच्या दिवशी वन्सांनी त्यांना चार्ज दिला तेव्हा सगळी कचेरी आपोआप उभी राहिली.

वकील पुढे विधानसभेत गेले, आणि बऱ्याच वर्षांनी होडीच्याच तिकिटावर मंत्री झाले. सभागृहातल्या त्या तिघांपैकी एकाने मला नंतर बाजारात गाठून सांगितलं, की त्या दिवशी हात वर जात होता, वाटेतच थांबला. ठेंगणी निवृत्त होऊन मुलाकडे गेली. जाताना वन्सांना भेटायला आली आणि आत आल्याआल्या तिने आमची खिडकी बंद केली. आमचे हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांची घड्याळं मी अजून चालू ठेवते. वखारीच्या जागी प्लायवुडचं दुकान आहे. तिथे वखारवाल्यांची ती नात बसते.

वन्स खासगी प्रसूतिगृहात हात थकेपर्यंत राबल्या. शेवटची दोन वर्षं त्या खाटेला खिळल्या. तेव्हा वखारवालेही काठी टेकत चालायचे, अध्यक्षपद सुटून जमाना झाला होता. तरी ते दिवेलागणीला येत, खाटेच्या पायथ्याशी उभे राहत आणि गाव सांगत. कुठला नळ गळतो, कुठला दिवा गेलाय, नवीन पोरं कचेरीत काय करतात. मी खुर्ची पुढे केली की काठीनेच नको म्हणत. वन्स डोळे मिटून ऐकत आणि शेवटी विचारत, “जुलाबाची मुलं?”

“एकही नाही.”

“घेतला.”

वन्स गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते आले. मी चादर घडी करत होते. ते रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. गाळणीवरची मोटर बदलली. शाळेपुढचा रस्ता उकरून ठेवलाय, दोन दिवसांत बुजवतील. जुलाबाचं एकही मूल नाही. मग ते थांबले आणि कुणी तरी काही म्हणावं म्हणून वाट बघत राहिले.

मी चादर खाली ठेवली, सरळ उभी राहिले आणि म्हणाले, “घेतला.”