चकाकी उतरवलेली पट्टी

मी कार्बनची पट्टी बोलतेय. बोटाएवढी लांब, अंग प्लास्टिकचं आणि त्यावर काळ्या शाईचा ठिपका. प्रयोगशाळेत मला इलेक्ट्रोड म्हणतात. 'मठ्ठ'ही म्हणून झालंय. म्हणणाऱ्याची कशी जिरली, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म स्टिकर छापण्याच्या दुकानात झाला. दुकान मामांचं. त्यांची भाची, म्हणजे आमची ताई, पिण्याच्या पाण्यातलं शिसं शोधण्यावर संशोधन करते. कुणालाही आपल्या नळाचं पाणी तपासता यावं, इतकी स्वस्त पट्टी तिला हवी होती. तिने ग्रॅफाइटची शाई मामांच्या हवाली केली. मामांनी ती जाळीवर ओतली, रबरी फळी ओढली आणि एका तावावर आम्ही चाळीस बहिणी उमटलो. वाळल्यावर मामांनी माझ्यावर अंगठा घासला. अंगठा स्वच्छ! मामा खूश. मी अशी चकाकत होते, की मलाही जरा तोरा चढला.

तो पहिल्याच दिवशी उतरला. ताईने बहिणींवर शिसं मिसळलेल्या पाण्याचा एकेक थेंब टाकून वीज सोडली. संगणकाच्या पडद्यावर शिशाचं टोकदार शिखर उठायला हवं होतं, पण उठली एक आळसावलेली रेघ. दहा जणींची तीच गत.

"मठ्ठ आहेत या," मागून ताईचे मार्गदर्शक सर म्हणाले. "सोन्याचे इलेक्ट्रोड मागव."

"पण सर, ते लोकांना परवडणार कसे?"

"ते नंतर बघू. शुक्रवारपर्यंत यांनी शिसं दाखवलं नाही, तर हे काम बंद."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यात ग्रॅफाइट ठासून भरलं होतं, मग मठ्ठ कशी?

ताईने मामांना फोन लावला. "मामा, शाईत काही मिसळलं होतंत का?"

"मग! तुझं काम म्हणून बाइंडर दुप्पट घातला. हाताला रंग लागला, तर गिऱ्हाईक माल तोंडावर फेकतं, पोरी."

ताईने कपाळाला हात लावला. बाइंडर म्हणजे शाई धरून ठेवणारा चिकटा. त्यातून वीज जात नाही. मामांनी मायेने आमची तोंडं बंद केली होती. तरी ती एवढंच म्हणाली, "छपाई सुरेख आहे, मामा."

मग तिने आम्हाला सोड्याच्या पाण्यात बुडवून जास्त व्होल्टेज द्यायला सुरुवात केली. पहिलीला कमी वेळ दिला, काहीच झालं नाही. पुढच्या दोघींना फार वेळ दिला, त्यांचं काळंच सुटून आलं. चौथी मी. मला पाच मिनिटं दिली. अंगावर बुडबुडे उठले, असं झोंबलं म्हणून सांगू! पण मी शाई घट्ट धरून ठेवली. वरचा चिकटा गेला, ग्रॅफाइट उघडं पडलं. चकाकी गेली ती गेलीच.

शुक्रवारी मामा आणखी ताव घेऊन आले. मला पाहून हबकले. "माझ्या छपाईची पार वाट लावलीस!" सवयीने अंगठा पुढे आला.

"हात नाही लावायचा!" ताई ओरडली. मामा चार पावलं मागे सरले.

सर आले. ताईने शिसं मिसळलेलं पाणी तयार ठेवलं होतं. "त्यात काय मोठंसं," म्हणत त्यांनी हातातला पेला पुढे केला. बाहेरच्या कूलरचं पाणी होतं, अर्धं पिऊन झालेलं. "हे तपास."

ताईने आम्ल घालून त्यातला एक थेंब माझ्यावर टाकला. मी त्यातलं शिसं ओढून अंगावर घेतलं आणि वीज उलटी फिरताच सोडून दिलं. पडद्यावर शिशाच्या जागी शिखर उठलं, सुईसारखं.

"पुन्हा कर," सर म्हणाले. माझ्यासारख्याच सोललेल्या दोन बहिणींनीही तेच दाखवलं. सरांनी पेला खाली ठेवला, बाहेर गेले आणि कूलरचा प्लग उपटला. सोन्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आम्हाला एकदाच वापरतात, म्हणून आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे. मला त्याचं काही नाही. पण उद्या कुणाला मठ्ठ म्हणण्याआधी तिच्या अंगावर काय थापलंय ते बघा. आणि सर, तीन दिवस झाले, कूलरची ती शिसं सोडणारी पितळी तोटी अजून तीच आहे. ती आधी बदला!