न भांडणारी रांग

आष्टीच्या आमच्या कापूस खरेदी केंद्रावर एकही गाडी भांडणावाचून रिकामी होत नसे. शेतकऱ्याने आपला कापूस पहिल्या प्रतीचा म्हणावा, प्रत ठरवणाऱ्याने तो दुसऱ्या प्रतीचा म्हणावा, मग शेतकऱ्याने डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकावा, आणि तो खांद्यावर गेलेला दिसला की मागच्या गाडीवाल्यांनी बैल सोडून सावली धरावी, असा तेथला शिरस्ता होता. या भांडणात वैर मुळीच नसे. ज्या पिकामागे घरादाराने वर्ष घातले, त्याला निरोप देताना चार शब्द बोलले नाहीत तर त्याची अवहेलना झाली, असेच जणू सर्वजण मानीत.

प्रत ठरवण्याचे काम भुजंग करी. मी शेजारच्या काट्यावर वजने लिहीत असे. गाडीच्या निरनिराळ्या भागांतून मूठमूठ कापूस काढावा, चिमटीत धागा ओढून पाहावा, शेतकऱ्याचे संपूर्ण म्हणणे अत्यंत आदराने ऐकावे आणि शेवटी आपलेच खरे करावे, ही त्याची पद्धत. लोक त्याला शिव्या देत आणि जाताना बाजरीची भाकरही देत.

मागल्या हंगामाच्या अखेरीस तो आजारी पडला. आधी झोप गेली. मग कापसाच्या गंजीआड कोणी आपल्याविषयी बोलते आहे असे त्याला वाटू लागले. आणि एका दुपारी तो गंजीला पाठ लावून बसला, तो कोणाच्या हाकेला उठेना. आजार मनाचा आहे हे सर्वांना कळले होते. तोंडाने मात्र सर्वजण 'भुजंगला जरा बरं न्हाई' एवढेच म्हणत. त्याची बायको कौसल्या त्याला औरंगाबादला घेऊन गेली आणि पावसाळाभर तिने डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही. दिवाळीनंतर भुजंग परतला तेव्हा अंगाने थोडा सुटला होता आणि औषधांमुळे त्याच्या बोटांना किंचित कंप होता. धागा ओढताना तो आता गाडीच्या कडेला कोपर टेकवी. तेवढ्याने काम भागे.

केंद्राचे व्यवस्थापक काकासाहेब हे दुष्ट गृहस्थ नव्हते. दुष्टाशी वाद घालणे सोपे असते. भ्यालेल्या सज्जनाशी घालणे फार कठीण.

"भुजंग माणूस सोन्यासारखा आहे, रामराव," ते मला म्हणाले, "पण हे काम डोकं तापवायचं आहे. संक्रांतीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर बारदान्याच्या कोठीत बसवू. तिथं बिलकुल तरास न्हाई. बोलायलाच कोणी न्हाई."

"त्याला माणसांशी बोलून आजार झालेला नाही, काकासाहेब."

"तुमचं आपलं काहीतरी वाकडंच असतं."

भुजंगला त्या कोठीचे भय वाटे. पोत्यांनी भरलेली ती बिनखिडकीची खोली त्याने पाहिली होती. "एकटा बसलो का मंग डोकं आपल्याच नादी लागतं," तो मला म्हणाला. "काहीही करा, मला माणसात राहू द्या."

हंगाम सुरू झाला, आणि कोणी भांडेना. भुजंगने दुसरी प्रत सांगितली की शेतकरी म्हणे, "बराबर आहे." पावसात भिजून डागाळलेल्या कापसाला त्याने सर्वांत खालची प्रत दिली, तरी तेच. रुमाल डोक्यावरून हलेनात आणि रांग भराभर सरके. पहिल्या आठवड्यात मला त्याचा आनंदच झाला. भुजंगला मात्र झाला नाही.

"रामराव, मी बराबर सांगून राह्यलो का चूक, तेच कळंना," तो म्हणाला. "आधी समोरचा न्हाई म्हणायचा, तवा मी पुन्हा बघायचो. आता कोणी न्हाई म्हणतच न्हाई. आंधळ्यासारखं झालंय."

काकासाहेबांनीही ही शांतता हेरली होती, आणि त्यांनी तिचा स्वतःच्या स्वभावाला साजेसा अर्थ लावला.

"लोक त्याला भिऊन राह्यले," ते म्हणाले. "भिणाऱ्या माणसांपुढं मी त्याला कसा ठेवू? कोठीच बरी."

"भ्यालेला माणूस दूर उभा राहतो," मी म्हणालो. "ही माणसं त्याला शेजारी बसवून आपल्या शिदोरीतली भाकर देतात."

"वेड्याला भाकर सगळेच देतात."

शब्द गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहण्याचे टाळले आणि उगाच टेबल पुसले. पण शब्द मागे घेतला नाही.

त्या संध्याकाळी मी भुजंगच्या घरी गेलो. तो बैलाला पाणी पाजत होता. कौसल्या भाकरी थापत होती. लोकांच्या मौनाविषयी मी सांगू लागलो, तेव्हा तिचे हात परातीतच थांबले.

"भाऊजी, ते मीच सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "दिवाळीनंतरच्या बाजारात सगळ्याला हात जोडले. म्हणलं, आमच्या मालकाशी औंदा भांडू नका. त्याहींनी माझा शब्द ठेवला."

म्हणजे ज्या मायेने लोक गप्प होते, तीच भुजंगला कोठीत नेऊन बसवणार होती. मी तिला काकासाहेबांचा तर्क सांगितला. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग आता काय करू? पुन्हा बाजारात जाऊन, भांडा बरं का, म्हणून सांगत फिरू?"

"सांगून केलेलं भांडण त्याला लगेच ओळखू येईल."

"येईल," ती म्हणाली. "तेवढं त्याहींना चांगलं कळतं."

आम्हा दोघांनाही उपाय सुचला नाही, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. पुढे जे घडले ते कोणी योजलेले नव्हते.

संक्रांत तोंडावर आली असताना कौसल्येचे वडील पुंजाराम यांची गाडी रांगेत लागली. कापूस वेचायला कौसल्या माहेरी गेली होती. ती गाडीवरच बसून आली. भुजंगने सासऱ्यांना नमस्कार केला, कोपर टेकवले, कापूस पाहिला आणि म्हणाला, "दुसरी."

"बराबर आहे, जावई," पुंजाराम म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते."

"काय बराबर?" कौसल्या गाडीवरून उतरली. "बाबा, तुम्ही गप बसा. अहो, दुसरी कशी?"

"पाचोळा आहे त्याच्यात."

"पाचोळा? मी माझ्या हातानं येचलाय. घरात समोर ठेवलेला तांब्या दिसत न्हाई, अन् इथं पाचोळा दिसतो का?"

"तांब्याची प्रत करायची नसते. रंग बघ कापसाचा. दव पडलेला येचलाय. सकाळी जरा दम धरायचा होता."

"दम मी धरला न्हाई? पावसाळाभर कोणी धरला मंग?"

भुजंगचा आवाज चढला, तिचा त्याच्या वर चढला. काकासाहेब कार्यालयातून धावतच बाहेर आले. मागून फाटकावरचे साहेबराव काठी घेऊन. माझ्या हातातली लेखणी थांबली. ज्या क्षणाची काकासाहेब इतके दिवस धास्ती घेऊन वाट पाहत होते, तो हाच, असे मला वाटले.

"भुजंग, शांत व्हा," ते म्हणाले. "देऊन टाका पहिली. घरचीच गाडी आहे."

"घरची आहे म्हणून तर न्हाई देत. हे पहिलीत बसतं का, तुम्हीच सांगा."

त्याने मूठ पुढे केली. काकासाहेबांचे तारुण्य कापसातच गेलेले. त्यांनी नकळत चिमूट घेतली आणि धागा ओढला.

"का बसत न्हाई? धागा बघा की."

"धागा चांगलाय. रंग फिका पडलाय."

"रंगाला काय झालंय? उन्हात धरा जरा. तुम्हाला काही कळतंय का?"

हे वाक्य ते आम्हा सर्वांना दिवसातून अनेकदा ऐकवीत. दिवाळीपासून भुजंगच्या वाट्याला मात्र ते एकदाही आले नव्हते.

"कळतंय म्हणूनच दुसरी म्हणून राह्यलो," भुजंग म्हणाला.

रांगेत कोणी हसले. पुंजारामांनी रुमाल काढून खांद्यावर टाकला. मागच्या गाडीवरचा धर्मराज म्हणाला, "असं असंल तर माझी परवाची गाडी बी पहिलीच होती."

"मंग परवाच का न्हाई बोलला?" काकासाहेब त्याच्यावर उखडले.

धर्मराजने कौसल्येकडे पाहिले. "वहिनी न्हाई म्हणल्या होत्या. भुजंगभाऊला तरास नको म्हणून. औंदा आम्ही समदेच गप."

काकासाहेब कौसल्येकडे वळले.

"म्हणलं होतं," ती म्हणाली. "पण ते लोकाला म्हणलं होतं. मला कोणी म्हणलं नव्हतं."

काकासाहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. मला वाटते, ते त्या माणसांत भीती शोधत होते. पण माणसे बैल सोडून सावलीला निघाली होती.

"साहेबराव, तुम्ही फाटकावर जा," ते अखेर म्हणाले. "अन् रामराव, कोठीसाठी दुसरा माणूस बघा." मग भुजंगकडे वळून, "तरी पण रंग काही पडलेला न्हाई."

"खालचा काढून दाखवू का?"

"दाखवा."

दोघेही गाडीत कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले. दुसरी प्रत कायम झाली, तोवर ऊन कलले होते. मग गाडी माझ्या काट्यावर आली, आणि मी सांगितलेल्या वजनावरही विश्वास नसल्याने कौसल्या काट्याशी वाकून उभी राहिली.