पहिल्या नंबरच्या गाण्याची रजई

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. लठ्ठ म्हणून खुशाल हसा मला! पण तुमच्या फोनवर वाजणारं 'गच्चीवरचं ऊन' हे गाणं माझ्या पोटात जन्मलं, हे आधी ऐकून घ्या.

तरुणपणी मी सडपातळ होते हो. हेमलताबाई लग्न होऊन साताऱ्याहून फरीदाबादला आल्या. त्यांचे यजमान सूर्यकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत. पहिल्याच थंडीत त्यांनी मला हौसेने घरी आणलं. थंडी सरली, आणि माहेरी गोधड्या धुतात तसं बाईंनी मला भिजवून, आपटून धुतलं! अगं बाई गं! माझ्या पोटातल्या कापसाच्या गुठळ्या झाल्या. कापसाची रजई कोणी धुतं का? शेजारणी पदराआड हसल्या आणि बाई रडकुंडीला आल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून सूर्यकांतरावांनी पिंजाऱ्याकडून माझ्यात दुप्पट कापूस भरून आणला. झालं! माझ्याखाली निजलेल्याला कूस बदलता येईना. नातेवाईक मला 'हेमाची म्हैस' म्हणू लागले. बाई वरवर हसायच्या, पण त्यांना ते लागायचं. शेवटी मी माळ्यावर गेले आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिले.

मला खाली काढलं ते त्यांच्या लेकीने, अलकनंदाने. पोरीचा गळा गोड आणि डोक्यात फक्त गाणं. बाईंना मात्र तिच्यासाठी पक्की सरकारी नोकरी हवी होती.

"एक वर्ष देते तुला," बाई म्हणाल्या. "गाणं चाललं तर बघू. नाहीतर गुपचूप परीक्षेला बसायचं."

"बिल्कुल, आई!" म्हणत अलकाने दिल्लीत मुनिरक्याला खोली घेतली. घरात कोणालाच नको होते, म्हणून मी तिच्याबरोबर गेले.

काय ती गल्ली! कुकरच्या शिट्ट्या, मोटारसायकलींचे हॉर्न, भाजीवाल्याच्या हाका. अलका तोंड उघडायची आणि रेकॉर्डिंगमध्ये 'आलू ले लो' उमटायचं. स्टुडिओ परवडत नव्हता. एक दिवस वैतागून तिने दोन खुर्च्यांवर मला पसरलं, माइक घेतला आणि आत शिरली. बाहेरचा एक आवाज मी आत येऊ दिला नाही. माझा लठ्ठपणा पहिल्यांदाच कोणाच्या कामी आला, मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण तो दिल्लीचा जून होता. पोरगी घामाने निथळायची, लालबुंद होऊन बाहेर यायची, घोटभर पाणी पिऊन पुन्हा आत. संगीत जुळवणारा तिचा मित्र विष्णू म्हणायचा, "बस कर यार, चक्कर येईल."

"एकदाच. शेवटचं," ती म्हणायची. असं शेवटचं रोज व्हायचं. एवढी जिद्द मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

गाणं इंटरनेटवर आलं. पहिले काही दिवस फक्त मावश्या आणि काकांनी ऐकलं. मग मुनिरक्याच्या मुलामुलींनी उचललं. मराठी न कळणारी गुरुग्रामच्या ऑफिसांतली माणसंही ते गुणगुणू लागली. नव्या गाण्यांच्या यादीत ते वर वर सरकत गेलं आणि एका सकाळी चक्क पहिल्या नंबरावर! विष्णू तर खोलीभर नाचला.

मुलाखतीत कोणीतरी अलकाला विचारलं, "कुठल्या स्टुडिओत गायलात?"

"माझ्या आईने धुतलेल्या रजईत," ती म्हणाली. "आईने ती धुतली नसती तर ती इतकी जाड झाली नसती, आणि हे गाणंही झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी बाई मुनिरक्याला हजर. "एक गाणं चाललं म्हणून काय झालं? परीक्षा आहेच," म्हणत आत आल्या. मग थबकल्या. दोन खुर्च्यांवर मी तशीच पसरलेली होते. त्या वाकून आत शिरल्या आणि बसून राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर घाम होता. पदराने त्यांनी आधी लेकीचं तोंड पुसलं.

"या भट्टीत बसून गायलीस होय गं?" त्या म्हणाल्या. "राहू दे ती परीक्षा."

मित्रांनो, जड झालं, जुनं झालं म्हणून काही टाकून देऊ नका. त्याला जरा ऊन दाखवा. आणि रजई धुऊ नका हं! मी आता परत फरीदाबादला आले आहे; थंडीआधी हेमलताबाई स्वतः मला गच्चीवर नेतात, काठीने झटकतात. झटकता झटकता लेकीचं गाणं म्हणतात, अगदी मोकळ्या गळ्याने, शेजारणींना ऐकू जाईल असं.