चारचा आकडा

दात दुखला, गाव जागं,
पोट दुखलं, घर जागं;
यकृत बाई मुकी सून,
जळली तरी हूं ना चूं.

लग्न होऊन मी या किनाऱ्यावर आले, तेव्हा कालवं फोडता फोडता सासूबाई हे गायच्या. मामंजी गेले आणि गाणं थांबलं. अल्सरनं गेले, एवढंच घरात सांगितलं गेलं.

माझ्या नवऱ्याला, खुन-होला, आईच्या पोटातूनच हेपॅटायटिस बी मिळाला. तैवानच्या या काठाला तो घरोघरी आहे. म्हणून देवळाच्या अंगणात तपासणीची गाडी येते, आणि मग वडाखाली शाळेचा निकाल लागल्यागत एकमेकांचा एएफपी विचारला जातो. रक्तातला हा आकडा वाढला की म्हणे यकृताच्या कर्करोगाची चाहूल असते. शेजारच्या चुआनकाकांचा ऐंशीवर गेला, तेव्हा त्यांनी शवपेटीचं लाकूडही निवडून ठेवलं. निघाली नुसती सूज. औषधानं आकडा उतरला, लाकडाचं कोंबड्यांना खुराडं झालं.

आमचे हे मात्र गावातले हुशार विद्यार्थी. दरवेळी चार.

"काका, सोनोग्राफी राहिलीय," गाडीतल्या डॉक्टर श्यूबाई यांना म्हणाल्या.

"चार आलाय की. मग रक्त कशाला काढलंत? डासांना कमी पडलं होतं?"

"काही गाठी आकडा वाढवतच नाहीत. दोन्ही मिळून बघायचं असतं. धूर दिसत नाही म्हणून चुलीत हात घालाल का?"

"पोरगी शिकलीय, पण बोलते माझ्या आईसारखी," म्हणत स्वारी घरी आली.

आकडा चांगला आला की आमच्याकडे डुकराचं यकृत आलं घालून तिळाच्या तेलात परततात. जे जपायचं तेच खायचं, अशी आमची थोर वैद्यकी. सासूबाई गॅसपाशी होत्या. हे वाडगा घेऊन बसले.

"अहो, गाडी दुपारी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. यंत्राखाली झोपायला मी काय आजारी आहे? आमचे बाबा कधी गेले होते तपासायला?"

सासूबाईंनी गॅस बंद केला. वाडगा यांच्या हातातून काढून घेतला.

"गेले होते," त्या म्हणाल्या. "आकडा चांगला आला म्हणून वडाखाली सगळ्यांना चहा पाजला होता त्यांनी. अल्सर नव्हता तो, बाळा. यकृतात गाठ होती. डॉक्टरांनी मला सांगितलं, आणि मी कुणालाच सांगितलं नाही. त्यांनासुद्धा."